दहा ते सहा, काउंटर क्रमांक दोन

आमच्या तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेचा सर्व्हर मी गेली काही वर्षे सांभाळतो. सर्व्हर म्हणजे मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये, तिजोरीच्या शेजारी, लाकडी स्टुलावर ठेवलेला एक साधा संगणक. त्यावर डेबियन लिनक्स ही संगणकप्रणाली आहे आणि हिशेबाचा एक जुना, अक्षरी पडद्याचा प्रोग्रॅम आहे. बाहेर चार काउंटर आहेत. काउंटरवरची व्यक्ती सकाळी आपल्या संगणकावर पुट्टी, म्हणजे सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्रॅम, उघडते, आपले नाव आणि पासवर्ड टाकते आणि थेट हिशेबाच्या मेनूत जाते. दिसायला हे सारे कालबाह्य आहे, परंतु चालते, आणि जे चालते त्याला हात लावू नये हे पतसंस्थेच्या संचालक मंडळाचे धोरण मला मनापासून मान्य आहे.

हात लावावा लागला तो एका लेखापरीक्षणानंतर. कॅशियर मॅडमच्या लॉगिनने संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दोन व्हाउचर नोंदलेली सापडली. मॅडम रोज सहाच्या एसटीने घरी जातात, हे शिपाईमामांपासून अध्यक्षांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. नोंदी खऱ्या होत्या आणि रोकड पैशाला पैसा जुळत होती, तरीही लेखापरीक्षकांनी शेरा मारलाच, आणि तो योग्यच होता: कोणी, कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या वेळेत लॉगिन करावे यावर संस्थेचे नियंत्रण नाही. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “एवढे करून टाका. दहा ते सहा, आणि ज्याचा काउंटर त्याच्याकडे.”

हे एका दुपारचे काम आहे असे मला वाटले होते. नियम लिहिण्यापुरते ते एका दुपारचेच होते.

लिनक्सवर अशी बंधने घालण्याची सोय पॅम या यंत्रणेत आहे. पूर्वी लॉगिन, एफटीपी यांसारखा प्रत्येक प्रोग्रॅम पासवर्ड तपासण्याचे काम आपापल्या परीने करत असे. ते काम त्यांच्याकडून काढून सुट्या सुट्या मॉड्यूलांकडे सोपवावे, ही कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली मांडली आणि लवकरच ती लिनक्सवरही आली. या मॉड्यूलांपैकी दोन आपल्या कामाची आहेत. पॅम-टाइम वेळ पाहते आणि पॅम-ॲक्सेस माणूस कोठून आला ते पाहते. पहिल्याचे नियम टाइम-डॉट-कॉन्फ या फाइलमध्ये आणि दुसऱ्याचे ॲक्सेस-डॉट-कॉन्फमध्ये लिहायचे असतात. दोन्ही फाइली ईटीसी या सर्व्हरच्या मांडणीच्या फोल्डरातील सिक्युरिटी या फोल्डरात असतात. (आज्ञा आणि फाइलींची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहावयाची असतात, हे जाणकारांना सांगायला नको.)

टाइम-डॉट-कॉन्फमधील प्रत्येक नियम म्हणजे एक ओळ, आणि त्या ओळीत अर्धविरामांनी वेगळे केलेले चार रकाने असतात: सेवा, टर्मिनल, वापरकर्ता आणि वेळ. लेखापरीक्षकांनी शेऱ्यात जे तीन प्रश्न विचारले होते ते जवळजवळ त्याच शब्दांत येथे रकाने होऊन बसलेले पाहून मला गंमत वाटली. वारांना दोन अक्षरी खुणा आहेत. सोमवार ‘एमओ’, शनिवार ‘एसए’, रविवार ‘एसयू’, सोमवार ते शुक्रवार मिळून ‘डब्ल्यूके’, शनिवार-रविवार मिळून ‘डब्ल्यूडी’ आणि सर्व वार मिळून ‘एएल’. एखादा वार दोनदा आला की तो रद्द होतो, हा येथील खास नियम आहे. त्यामुळे ‘एएलएसयू’ असे लिहिले की सर्व वारांत रविवार आधीच धरलेला असल्यामुळे दुसऱ्यांदा आलेला रविवार त्याला खोडून टाकतो आणि हातात सोमवार ते शनिवार उरतात. रविवार वगळण्यासाठी रविवार लिहायचा, हे साहेबांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. वेळ चार अंकी असते. शेवटची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा लहान असेल तर ती दुसऱ्या दिवशीची मानली जाते, म्हणजे रात्रपाळीसाठी १८०० ते ०८०० असे सरळ लिहिता येते आणि शुक्रवारी रात्री सुरू झालेली पाळी शनिवारी सकाळपर्यंत शुक्रवारचीच धरली जाते.

आमच्याकडे रात्रपाळी नव्हती, पण जेवणाची सुट्टी होती. दीड ते दोन काउंटर बंद असतात आणि त्या अर्ध्या तासात कोणीही नव्याने लॉगिन करू नये असे साहेबांचे म्हणणे होते. मी दोन ओळी लिहिल्या: एकीत साडेनऊ ते दीड, दुसरीत दोन ते सहा. कागदावर हे अगदी निर्दोष दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला फोन आला की एकही काउंटर उघडत नाही.

चूक समजायला मला अर्धा तास लागला आणि ती समजल्यावर स्वतःचाच राग आला. पॅम-टाइम नियमांपैकी एखादा लागू पडला की थांबत नाही. ते सर्व ओळी वाचते आणि ज्या ज्या ओळीत सेवा, टर्मिनल आणि वापरकर्ता जुळतात त्या प्रत्येक ओळीची वेळ पाळली गेलीच पाहिजे असा आग्रह धरते. सकाळी दहाला पहिली ओळ होकार देत होती आणि दुसरी नकार. दुपारी तीनला नेमके उलटे झाले असते. दोन्ही ओळींचे एकाच वेळी समाधान होईल असा क्षण चोवीस तासांत कोठेच नव्हता. दोन्ही वेळा एकाच ओळीत, मध्ये उभी रेघ देऊन लिहिल्या की ‘ही किंवा ती’ असा अर्थ होतो. तसे केले आणि काउंटर उघडले. दरम्यान बाहेर बसलेल्या ठेवीदारांना शिपाईमामांनी चहा दिला होता आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले.

याच फाइलची दुसरी खोड याच्या बरोबर उलट आहे. जिच्यासाठी एकही ओळ जुळत नाही त्या व्यक्तीला आडकाठी नसते. मी सुरुवातीला चौघांची नावे लिहून नियम केला होता. काही महिन्यांनी नवीन लिपिक आला, त्याचे खाते तयार झाले, आणि तो रात्री बारालाही आत जाऊ शकत होता, कारण त्याच्याविषयी फाइल गप्प होती. आता वापरकर्त्याच्या रकान्यात नावे नाहीत. तेथे उद्गारचिन्ह लावून ‘रूट सोडून सर्व’ असे लिहिले आहे. रूटला, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याला, वगळणे अत्यावश्यक आहे, आणि फाइल बदलत असताना रूटचे एक सत्र दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवणे त्याहूनही आवश्यक आहे. नाहीतर आपणच बाहेर आणि किल्ली आत, अशी गत होते.

फाइलमध्ये नियम लिहिला म्हणजे तो लागू झाला, असेही नाही. पॅममध्ये प्रत्येक दाराची वेगळी फाइल असते: प्रत्यक्ष कीबोर्डवरून होणाऱ्या लॉगिनची वेगळी, एसएसएचची, म्हणजे पुट्टीतून नेटवर्कवरून होणाऱ्या लॉगिनची, वेगळी, चित्रमय पडद्याची वेगळी. डेबियनमध्ये लॉगिनच्या फाइलीत पॅम-टाइमची ओळ टिप्पणीच्या खुणेमागे झाकून ठेवलेली असते, म्हणजे सर्व्हर ती वाचत नाही, ती उघडी करायची. एसएसएचच्या फाइलीत ती स्वतः घालावी लागते. पुढच्या दाराला कुलूप घालून मागची पडवी सताड उघडी ठेवलेले सर्व्हर मी इतरत्रही पाहिले आहेत, आणि त्यांच्या मालकांनी मला मोठ्या अभिमानाने पुढचे कुलूप दाखवलेले आहे.

आता टर्मिनलविषयी. ‘ज्याचा काउंटर त्याच्याकडे’ ही साहेबांची मागणी त्या चार रकान्यांतील दुसऱ्याने सहज पुरी होईल असे वाटते, पण तसे होत नाही, आणि त्याचे कारण जुने आहे. ज्या काळात हे रकाने ठरले त्या काळात टर्मिनल म्हणजे खरोखरच एक पडदा आणि कीबोर्ड असे आणि त्याची वायर सर्व्हरच्या मागच्या ठरावीक खोबणीत घुसवलेली असे. त्या खोबणीचे नाव म्हणजे टर्मिनलचे नाव. काउंटर दोनचे नाव काउंटर दोनच राहत असे, कारण वायर हलत नव्हती. पुट्टीतून येणाऱ्या माणसाला अशी खोबणी नसते. त्याला टर्मिनल मिळते ते ओळख पटून गेल्यावर, आणि येण्याच्या क्रमाने जो आकडा मोकळा असेल तो. पॅम-टाइमला तर तपासणीच्या वेळीच टर्मिनलचे नाव हवे असते, म्हणून एसएसएचचा सर्व्हर ‘एसएसएच’ एवढाच शब्द टर्मिनल म्हणून पुढे करतो. ओपनएसएसएच या त्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या मूळ कोडमध्ये या जागी लेखकांनी अशा मॉड्यूलांना खुळचट म्हणणारी एक टिप्पणी लिहून ठेवली आहे. माझी सहानुभूती पॅम-टाइमकडे आहे. त्याने विचारलेला प्रश्न खुळा नाही, त्याचे उत्तर देणारी वायर मात्र आता उरलेली नाही.

म्हणून काउंटरची ओळख पॅम-ॲक्सेसकडे सोपवली. तेथे तीन रकाने असतात आणि ते अपूर्णविरामाने वेगळे होतात: परवानगी, वापरकर्ता आणि ठिकाण. परवानगीसाठी अधिकचे चिन्ह, मनाईसाठी उण्याचे. ठिकाण म्हणून नेटवर्कचा पत्ता चालतो. राउटरमध्ये चारही संगणकांचे पत्ते त्यांच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधून टाकले, शेवटचे आकडे २१ ते २४, आणि मग कॅशियर फक्त २२ वरून, कर्ज विभाग फक्त २३ वरून, अशा ओळी लिहिल्या. ही फाइल पॅम-टाइमसारखी सर्व ओळी वाचत नाही. पहिली जुळणारी ओळ जे म्हणेल तोच निकाल. कोणतीच ओळ जुळली नाही तर येथेही दार उघडेच राहते, म्हणून अखेरीस ‘उणे, सर्व, सर्व’ अशी एक ओळ लिहून सगळ्यांना बाहेर काढावे लागते. एकाच यंत्रणेतील, शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन फाइलींच्या वाचनाच्या रीती इतक्या वेगळ्या का असाव्यात, याचे समाधानकारक उत्तर म्हणजे त्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या, इतकेच.

त्या अखेरच्या ओळीने मला तीन रात्री फसवले. मी पॅम-ॲक्सेस घातले होते ते सर्व सेवांच्या सामाईक फाइलीत, आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे उरकणारी सेवा, तीसुद्धा त्याच फाइलीतून जाते. रात्री दोनला बॅकअप घेणारे खाते क्रॉनच्या दाराशी आले. त्याच्या मागे कोणताही नेटवर्कचा पत्ता नव्हता, ठिकाण म्हणून फक्त ‘क्रॉन’ हा शब्द होता, आणि तो शब्द माझ्या एकाही परवानगीच्या ओळीत नव्हता. अखेरच्या ओळीने त्याला परत पाठवले. चौथ्या दिवशी लॉगमध्ये बॅकअपच्या खात्याला क्रॉनवरून प्रवेश नाकारल्याच्या तीन एकसारख्या ओळी दिसल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या तीन दिवसांत डिस्क गेली असती तर हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसतो. आता बॅकअपच्या खात्याला क्रॉनवरून परवानगी देणारी ओळ सर्वांत वर आहे.

नेटवर्कचा पत्ता म्हणजे खोबणीतली वायर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वळवाच्या पावसात वीज पडून राउटर जळाला, नवीन राउटरने संगणकांना मनाला येतील ते पत्ते वाटले आणि सकाळी कॅशियर मॅडमना आपल्याच काउंटरवर परक्यासारखे बसून राहावे लागले. जाणूनबुजून पत्ता बदलून फसवणारा माणूस आमच्या कार्यालयात नाही. असता तर हा बंदोबस्त त्याला पुरा पडला नसता.

हे सर्व बसवून झाल्यावर मी साहेबांसमोर मूळ प्रसंग पुन्हा घडवून दाखवायला घेतला. मॅडमनी सकाळी दहाला लॉगिन केले होते. संध्याकाळी सहा वाजून गेले. मी दुसऱ्या काउंटरवरून मॅडमच्या नावाने शिरण्याचा प्रयत्न केला, नकार मिळाला, साहेब खूश. मॅडमच्या स्वतःच्या काउंटरवरून नव्याने शिरण्याचा प्रयत्न केला, वेळ टळून गेल्यामुळे नकार मिळाला. साहेब अधिकच खूश. मग माझी नजर मॅडमच्या मूळ खिडकीकडे गेली. ती सकाळपासून उघडीच होती आणि व्हाउचरच्या रकान्यात कर्सर शांतपणे लुकलुकत होता.

त्या संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जे घडले होते ते हेच. मॅडम खिडकी उघडी टाकून एसटीसाठी धावल्या होत्या आणि उशिरापर्यंत बसलेल्या लिपिकाने राहिलेली दोन व्हाउचर त्याच खुर्चीत बसून उरकली होती. पॅम-टाइम विचारते ते फक्त दारात. एकदा आत आलेल्या माणसाकडे ते पुन्हा ढुंकून पाहत नाही. सत्राची अखेर घडवून आणणारी सेवा अस्तित्वात नाही आणि ती असायला हवी, अशी कबुली त्याच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे. ही उणीव आणखी खटकते ती जुना इतिहास पाहिल्यावर. पॅमच्या आधीपासूनच्या शॅडो या लॉगिन आणि पासवर्डच्या प्रोग्रॅमांच्या संचात पोर्टटाइम नावाची फाइल होती. तिच्यातही टर्मिनल, वापरकर्ता आणि वेळ असेच तीन रकाने होते, आणि तिच्या जोडीला लॉगआउट-डी नावाची सेवा होती, जी अधूनमधून फेरी मारून ज्यांची वेळ संपली त्यांना बाहेर काढत असे. नोव्हेलच्या नेटवेअर या जुन्या नेटवर्क प्रणालीवर काम केलेल्यांना लॉगिनच्या वेळा ठरवणारी, अर्ध्या अर्ध्या तासाच्या फुल्यांची ती चौकटही आठवत असेल. विंडोजमध्ये आठवड्याचे १६८ तास चौकोनात रंगवता येतात. पण तेथेही वेळ संपली म्हणून समोर बसलेल्या माणसाचा पडदा आपोआप बंद होत नाही, सक्तीने लॉगऑफ करण्याचे जे धोरण आहे ते फाइली वाटून घेण्याच्या जोडण्यांपुरते आहे.

मग दुकान बंद करणारा माणूस मीच तयार केला. क्रॉनमधून पावणेसहाला आणि सहा वाजून पाच मिनिटांनी सर्व पडद्यांवर सूचना जाते, सव्वासहाला काउंटरच्या सर्व खात्यांच्या प्रोग्रॅमांना आधी आवरते घेण्याचा इशारा आणि अर्ध्या मिनिटाने सक्तीचा पूर्णविराम. दोन इशारे आवश्यक आहेत. थेट सक्ती केली तर व्हाउचर अर्धवट लिहिले जाण्याची भीती असते. सूचना व्हाउचरच्या मधोमध येऊन आदळते आणि पडदा विस्कटतो, याची तक्रार पहिल्या आठवड्यात चारही काउंटरकडून आली. काही मिनिटे हालचाल नसेल तर शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम, आपोआप बंद करण्याची एक जुनी सोयही मी पाहिली होती, पण ती शेल रिकामा बसलेला असतानाच चालते. आमच्याकडे शेलच्या पुढ्यात दिवसभर हिशेबाचा प्रोग्रॅम ठाण मांडून असतो.

दुसरा आणि चौथा शनिवार हे प्रकरण वेगळेच होते. आमची संस्था बँकांप्रमाणे या दोन शनिवारी बंद असते, आणि टाइम-डॉट-कॉन्फला वार कळतो, तारीख कळत नाही. गणेश चतुर्थी तर नाहीच नाही. अशा दिवसांसाठी नोलॉगिन नावाची फाइल ईटीसीत ठेवली की रूट सोडून कोणालाही प्रवेश मिळत नाही आणि फाइलीत लिहिलेला मजकूर त्यांच्यासमोर येतो. फाइल ठेवण्याचे काम क्रॉनकडे दिले, ८ ते १४ तारीख आणि शनिवार असे दोन्ही रकाने भरले, आणि ८ तारखेच्या मंगळवारी संस्था बंद पडली. क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही भरले तर ते ‘आणि’ नसून ‘किंवा’ असते. आता क्रॉनमध्ये फक्त तारखा आहेत आणि वार कोणता हे आज्ञेतच तपासले जाते. नोलॉगिनमध्ये मी हौसेने मराठीत लिहिले होते, “आज दुसरा शनिवार, संस्था बंद आहे.” पुट्टीत ते कसेबसे उमटले, सर्व्हरच्या स्वतःच्या अक्षरी पडद्याला देवनागरी जमत नाही, तेथे नुसत्या खुणांची रांग दिसली. साहेबांना वाटले व्हायरस आला.

कर्मचाऱ्यांना सुरुवातीला हे सारे आपल्यावरचा अविश्वास वाटला, आणि मॅडमनी तसे तोंडावर बोलूनही दाखवले. मी त्यांना त्या दोन व्हाउचरांची आठवण दिली. नोंदी खोट्या असत्या तर नाव त्यांचे होते.

त्यानंतरचा ३१ मार्च. वर्षअखेरीचे काम रात्री अकरापर्यंत चालणार म्हणून साहेबांनी आधीच कळवले होते. मी दुपारी टाइम-डॉट-कॉन्फमधील ओळ बदलून शेवट २३०० केला, रूटच्या दुसऱ्या खिडकीतून तपासून पाहिला आणि निर्धास्तपणे घरी आलो. सहा वाजून सतरा मिनिटांनी फोन वाजला. बंद करणारा माणूस टाइम-डॉट-कॉन्फ वाचतच नव्हता. त्याला सव्वासहा एवढेच ठाऊक होते, आणि त्याने चारही काउंटर वर्षअखेरीच्या ऐन कामात उठवले होते. मागून मॅडमचा आवाज ऐकू येत होता, “त्यांना म्हणावे, आज तरी बसू द्या.” मी क्रॉनमधील ती ओळ झाकली. मॅडम पुन्हा आत आल्या आणि अर्धे राहिलेले व्हाउचर त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतले.